हिरवा स्टिकर

एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, नाशकात ऑक्सिमीटर मिळेनासे झाले होते. माझ्या दिराने कुठून तरी दुप्पट पैसे मोजून एक पैदा केला. लाट ओसरली आणि ते यंत्र औषधांच्या डब्यात, व्हिक्स आणि बँडेजच्या खाली जाऊन पडलं. पुढे मला दिवस गेले तेव्हा पाचव्या महिन्यात मी ते शोधून काढलं, नवे सेल घातले आणि उशीखाली ठेवलं. घरात कुणाला सांगितलं नाही. ऑक्सिजनशी मला काही देणंघेणं नव्हतं, तो ९८च्या आसपास असायचा. मला बघायचा असायचा दुसरा आकडा, नाडीचा.

छातीत धडधडायचं. जिना चढल्यावर होते तशी ती धडधड नव्हती. भांडी लावताना, ऑफिसात व्हाउचर तपासताना, कधी नुसतं टीव्हीसमोर बसलेलं असताना मध्येच एक ठोका हुकल्यासारखा वाटायचा. क्षणभर छातीत पोकळी, मग पुढचा ठोका जोरात, आणि त्यानंतर वेग वाढायचा. पाच मिनिटं, कधी वीस. थांबायचं तेही आपलं आपण. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की हमखास. मग मी पांघरुणात बोटाला चिमटा लावायचे. १०८. बघत राहिलं की ११४. श्वास रोखून बघितलं की ११८. आकडा बघितल्यानेच आकडा वाढतोय हे मला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. आमच्याकडे संध्याकाळी रोकड जुळली नाही तर कुणी घरी जात नाही. शंभर रुपये कमी भरले आणि कारण सापडलं, तर कुणाच्या तरी पगारातून जातात आणि विषय संपतो. पण दहा रुपये जास्त भरले आणि कुठून आले ते सापडेना, तर सगळ्यांचे चेहरे उतरतात. माझ्या छातीत ते दहा रुपये होते.

घरी मात्र कारणांची ददात नव्हती. सासूबाई म्हणाल्या, पित्त आहे, रात्रीचा चहा बंद कर. आई फोनवर म्हणाली, अशक्तपणा, खजूर खातेस ना? शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. नवरा म्हणाला, तू विचार फार करतेस. पंचाईत अशी, की यातलं कुठलंच अगदी खोटं नव्हतं. पित्त होतंच. अशक्तपणा म्हणाल तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे आईचा अंदाज निम्म्याहून अधिक बायकांच्या बाबतीत बरोबरच आला असता. माझं हिमोग्लोबिन ११च्या थोडं वर होतं. थायरॉइडही ठीक. विचार तर मी करतच होते.

माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम चांगल्या आहेत, पण त्यांच्या दाराबाहेर चाळीसेक बायका फाईल घेऊन बसलेल्या असतात. वजन, बीपी, पोटाची उंची, बाळाचे ठोके. मी उठता उठता म्हणाले, मॅडम, धडधडतं हो फार. त्यांनी फाईलवरून नजर न उचलता सांगितलं, "प्रेग्नन्सीत होतं असं. काळजी करू नका." पुढच्या वेळी पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच उत्तर आलं.

ते उत्तर खरं होतं, हे मी नंतर वाचलं. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतं. त्यातला पाण्याचा भाग तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो, म्हणून धडधाकट बाईचंही हिमोग्लोबिन थोडं उतरतं. हृदय दर मिनिटाला तीस ते पन्नास टक्के जास्त रक्त ढकलतं आणि नाडी दहा-वीस ठोक्यांनी वर जाते. प्रोजेस्टेरॉनमुळे श्वास खोल होतो, म्हणून काही न करताही दम लागल्यासारखं वाटतं. वाढतं गर्भाशय छाती आणि पोटामधल्या पडद्याला वर रेटतं, हृदय डावीकडे आणि थोडं आडवं होतं. उताणं झोपलं तर गर्भाशयाचा भार खालून रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो, बीपी उतरतं, घाबरं होतं. डावीकडे वळायला सांगतात ते त्यासाठी. अधूनमधून एखादा ठोका वेळेआधी पडणं हेही या दिवसांत नेहमीचं.

हे वाचून दोन दिवस बरं वाटलं. मग लक्षात आलं, की हे सगळं निरोगी बाईला होतं तसं हृदयाचं दुखणं असलेल्या बाईलाही होतं. दम दोघींना लागतो. धडधडतं दोघींना. पाय दोघींचे सुजतात. आतून बघणाऱ्या बाईने आपण दोघींपैकी कोण हे ओळखायचं कसं? "होतं असं" या उत्तरात तेवढंच नव्हतं.

त्यात आणखी एक भर पडली. मी घाबरते हे कळल्यावर सगळे एका सुरात म्हणू लागले, "टेन्शन घेऊ नकोस, बाळावर परिणाम होतो." नणंदेने गर्भसंस्काराच्या ऑडिओ पाठवल्या. बासरी, मंत्र, आणि मधाळ आवाजातली एक बाई, आनंदी राहा, तुमचं बाळ तुमचा प्रत्येक विचार ऐकतंय. म्हणजे आधी धडधडीची भीती, आणि आता भीतीची भीती. अभिमन्यूचा दाखला तर येताजाता मिळायचा. मला नेहमी वाटतं, ती गोष्ट लोक नीट ऐकत नाहीत. चक्रव्यूहातून बाहेर कसं पडायचं ते सांगण्याआधी सुभद्रेला झोप लागली, म्हणून पोराचं शिक्षण अर्धवट राहिलं. आई जागी आणि चिंतेत होती, असं कुठे आहे त्यात? त्या हिशेबाने माझं पोर सगळा चक्रव्यूह पाठ करूनच बाहेर आलं असतं.

दवाखान्यातल्या बाकावर एकदा मालेगावकडची एक बाई भेटली. तिचे आधीचे दोन गर्भ पाचव्या-सहाव्या महिन्यात गेले होते. या वेळी गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला होता. "शिरोडकर टाका," ती अगदी सफाईने म्हणाली. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे, मुंबईत नावाजलेले. त्यांनी १९५५ मध्ये ही शस्त्रक्रिया मांडली आणि जगभरच्या प्रसूतिशास्त्रात ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बाकावरच्या त्या बाईला हे माहीत असायचं कारण नव्हतं. तिला माहीत होतं ते एवढंच, की काय बिघडलंय आणि त्यावर काय केलंय. "नवव्यात काढतील टाका. तुम्हाला काय आहे?"

"मला धडधडतं."

"म्हणजे काय निघालं?"

"काही नाही निघालं."

"मग चांगलंय की!" ती मनापासून म्हणाली. तिच्यापुढे मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. दोन गर्भ गमावलेल्या बाईचा हेवा वाटावा ही काय अवस्था, हे घरी जाताना रिक्षात माझं मलाच उमगेना.

ठोक्यांचंही एक गंमतशीर होतं. मॅडम डॉप्लर पोटावर ठेवायच्या आणि खोलीभर तो घोड्याच्या टापांचा आवाज घुमायचा. बाळाचे ठोके ११० ते १६० यांच्या मध्ये हवेत. "एकशे अठ्ठेचाळीस, मस्त!" की सासूबाईंचा चेहरा फुलायचा, आणि बाहेर आल्यावर जास्त ठोके म्हणजे मुलगी असले हिशेबही सुरू व्हायचे, तेही "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" या पाटीखाली उभं राहून. एकाच शरीरात १४८ आकड्यावर आनंदीआनंद आणि ११८ वर मी अर्धमेली.

माणूस बाळाचे ठोके कसा ऐकायला लागला त्याचा इतिहास या घाबरण्यातच माझ्या वाचनात आला. पॅरिसमध्ये १८१६ साली लेनेक या डॉक्टरकडे हृदयाच्या दुखण्याची लक्षणं असलेली एक तरुण बाई आली. तिच्या छातीला कान लावणं त्याला प्रशस्त वाटेना, म्हणून त्याने कागदाची सुरळी केली आणि तिचं एक टोक तिच्या छातीवर टेकवलं. स्टेथोस्कोप जन्मला तो असा. काही वर्षांनी, १८२१ मध्ये, केरगारादेक नावाचा त्याचा सहकारी एका गरोदर बाईच्या पोटावर तेच उपकरण लावून बसला. त्याला गर्भजलाच्या हालचालीचा आवाज ऐकायचा होता. ऐकू आली ती घड्याळासारखी टिकटिक. आधी त्याला वाटलं जवळचं घड्याळच वाजतंय. आईची नाडी मोजली तर तिचा वेग वेगळाच निघाला. त्या बाईला त्या दिवशी काय सांगितलं गेलं, हे मात्र कुठे वाचायला मिळालं नाही.

ऑफिसातली मैत्रीण तिचा घरगुती डॉप्लर द्यायला निघाली होती, ऑनलाइन मागवलेला. मॅडमनी ठाम नकार दिला, आणि पहिल्यांदाच कारणासकट. "त्यात तुम्हाला तुमच्याच शिरेचा नाहीतर वारेचा आवाज येईल, आणि तुम्ही बाळाचा समजून निर्धास्त बसाल. बाळ कमी हललं असं वाटलं तर यंत्र शोधू नका, सरळ इकडे या." हे वाक्य मला फार आवडलं. का आवडलं ते तेव्हा कळलं नाही.

सहाव्या महिन्याच्या सुरुवातीला ऑफिसात उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पडले नाही, कपाटाला धरलं. मग मॅडमनी स्वतःच एका फिजिशियनकडे चिठ्ठी दिली. डॉक्टर वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी माझं कालनिर्णय मागितलं. म्हणजे मीच सांगितलं होतं, की कधी धडधडलं ते मी कॅलेंडरच्या चौकटीत लिहिते. वेळ, तेव्हा काय करत होते, किती वेळ चाललं. नवऱ्याने या चौकटींवरून माझी पुष्कळ चेष्टा केली होती. डॉक्टरांनी चष्मा वर करून दोन पानं शांतपणे वाचली आणि विचारलं, "लहानपणी कधी सांधे सुजले होते? घसा वारंवार दुखायचा?"

हा प्रश्न का, ते त्यांनी समजावलं. काही मुलांना घशाच्या एका जंतुसंसर्गानंतर संधिवाताचा ताप येतो. सांधे दुखतात, बरे होतात, घरचे विसरतात. हृदयाची झडप मात्र आतल्या आत आखडत जाते, आणि वर्षानुवर्षं पत्ताही लागत नाही. मग बाई गरोदर राहते, रक्त वाढतं, ठोके वाढतात, आणि अरुंद झडपेतून तेवढं रक्त तेवढ्या वेळात जात नाही. आपल्याकडे कितीतरी जणींची झडप पहिल्यांदा कळते ती अशी, गरोदरपणात.

मी बाहेर येऊन तिथूनच चाळीसगावला आईला फोन लावला.

"तिसरीत असताना तुझे गुडघे दुखायचे बघ," आई म्हणाली. "रात्री रडत उठायचीस. मी तेल चोळायचे."

"सुजायचे का पण, आई?"

"सूज... आता आठवत नाही गं इतकं."

डॉक्टरांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितली होती. ती होईपर्यंतच्या रात्रींबद्दल काही लिहीत नाही. टूडी इको करणारी डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिने पडदा माझ्याकडे वळवला. करड्या रंगात दोन पाती उघडत होती, मिटत होती. "झडपा छान आहेत. पंपिंग साठ टक्के." मी दचकले. साठ? म्हणजे चाळीस टक्के काम बंद? ती मोठ्याने हसली. निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साठ म्हणजे उत्तम, शंभर कुणाचंच नसतं. आयुष्यभर मार्कलिस्टा बघितलेल्या माणसाला हे आधी सांगायला हवं.

मग होल्टर. छातीवर चिकटपट्ट्या, त्यातून निघणाऱ्या वायरी आणि कमरेला काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र. चोवीस तास प्रत्येक ठोका लिहून ठेवतं. हे ज्याच्या नावाचं, तो नॉर्मन होल्टर अमेरिकेतल्या मॉन्टानाचा. चाळीसच्या दशकात त्याने बनवलेलं पहिलं यंत्र पाठीवर बांधावं लागे आणि वजन होतं सुमारे ३८ किलो. सहा महिन्यांच्या पोटासकट ते चित्र डोळ्यांपुढे आणून मला त्याही परिस्थितीत हसू आलं. धडधडलं की यंत्रावरचं बटण दाबायचं आणि वहीत वेळ लिहायची. मी इमानेइतबारे दाबत राहिले.

डॉक्टरांनी निकाल समोर पसरला तो मी अजून विसरलेले नाही. मी बटण दाबलं त्या बहुतेक वेळी ठोके नुसते जलद होते, पण अगदी रांगेत, शिस्तीत. आणि ठोके खरोखर वेळेआधी पडले होते ते मी सकाळी भाजी निवडत असताना आणि पहाटे गाढ झोपेत. तेव्हा मला काहीच जाणवलं नव्हतं. दोनदा मात्र माझं बटण आणि हुकलेला ठोका जुळला होता. "म्हणजे तुमचं म्हणणं खोटं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचा पहारेकरी जरा झोपाळू आहे. चोर येतो तेव्हा घोरतो आणि मांजर आली की ओरडतो."

एवढं बोलून त्यांनी "काळजी करू नका" म्हटलं असतं, तर मी पुन्हा उशीखाली हात घातला असता. त्यांनी ते म्हटलं नाही. त्यांनी चिठ्ठी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहायला घेतलं. चक्कर येऊन शुद्ध हरपली तर या. सपाट झोपल्यावर दम लागून उठून बसावं लागलं, एकाऐवजी तीन उशा लागायला लागल्या, तर या. छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, एकच पाय सुजून दुखायला लागला, तर लगेच, रात्र असली तरी. बसल्या जागी नाडी १२० च्या वर जाऊन अर्ध्या तासात उतरली नाही तर फोन. बीपी १४०/९० झालं, डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले तर मॅडमकडे. आणि बाळंतपणानंतरही पाच महिने हा कागद फाडायचा नाही, कारण हृदयाचा स्नायू कमजोर होण्याचा एक आजार शेवटच्या महिन्यापासून तेव्हापर्यंत उद्भवू शकतो. "या कागदावर आहे त्याला घाबरायचं. नाही त्याला घाबरायचं नाही, पण मला सांगायचं."

हा कागद सगळ्यांना भीतीदायक वाटला. सासूबाई म्हणाल्या, गरोदर बाईला असं काहीबाही लिहून देतात का? मला मात्र त्या रात्री झोप लागली. माझ्या भीतीला तोवर कुंपणच नव्हतं, सगळं शरीर तिचं रान होतं. आता निदान हद्द आखली गेली. धडधड तशीच होती. मी नाडी मोजायचे, कागद आठवायचे, अर्धा तास घड्याळ बघायचे. बहुतेक वेळा दहा मिनिटांत डोळा लागायचा.

सातव्यात ओटी भरून मी माहेरी गेले. आमच्या गल्लीतल्या आशाताई म्हणाल्या, नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात चल, स्त्रीरोगतज्ज्ञ येतात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला ही तपासणी असते. रांग मोठी, पंखा एक. तपासून झालं की कार्डावर स्टिकर चिकटवतात. धोका नसेल तर हिरवा, जोखमीचं असेल तर लाल, गरोदरपणात बीपी वाढलं असेल तर निळा, मधुमेह-थायरॉइडसारखं काही असेल तर पिवळा. सरकारी कामात मला इतकं सरळ काही क्वचितच दिसलं आहे. रात्री दोनला कुणी बाई आली तर नुसतं कार्ड बघून नर्सला कळतं.

माझ्या कार्डावर हिरवा लागला. आई देवापुढे ठेवायला निघाली होती. मी तो बघत होते आणि वाटत होतं, पाचवा रंग हवा होता. धोका नाही, पण बाई घाबरलेली आहे, असा. त्याला काही मोठी यंत्रणा लागत नाही. १९८७ मध्ये एडिंबरोत तयार झालेली दहा प्रश्नांची यादी आहे, मूळ बाळंतिणींसाठी, पुढे गरोदर बायकांसाठीही वापरली जाऊ लागली. विशेष कारण नसताना तुम्हाला भीती किंवा घबराट वाटली का, असा थेट प्रश्न त्यात आहे. भरायला पाच-दहा मिनिटं लागतात. नऊ महिन्यांत माझं वजन प्रत्येक खेपेला केलं गेलं, हा प्रश्न एकदाही विचारला गेला नाही. सरकारीत नाही आणि खासगीतही नाही.

मुलगी झाली. नॉर्मल, म्हणजे प्रसूती. धडधड पुढच्या काही आठवड्यांत विरळ होत गेली आणि कधी थांबली ते कॅलेंडरमध्ये लिहायचं राहून गेलं. कारण असं शेवटपर्यंत सापडलं नाही. ते दहा रुपये कुठून आले होते, कोण जाणे.

परवा रात्री साडेअकराला मावसबहिणीचा पिंपरीहून फोन. पाचवा महिना लागलाय. आवाज दबका, बहुधा बाथरूममधून बोलत असावी.

"ताई, तुला व्हायचं ना तसलं... मला पण होतंय गं. इथे सगळे म्हणतात, काही नाही."

मी विचारलं, चक्कर येऊन पडलीस का? आडवं झाल्यावर दम लागतो? उशा किती घेतेस? लहानपणी सांधे? ती एकेकाला नाही म्हणत गेली. आता किती आहे नाडी, विचारलं, तर म्हणाली, एकशे सोळा. म्हणजे तिच्याकडेही ते यंत्र आहेच.

"उद्या दाखव," मी म्हटलं. "होतं असं म्हणाले, तर विचार, कसं झालं म्हणजे परत येऊ? लिहूनच घे. आणि होल्टर लावायला बोलावलं ना, तर पुढून बटणांचा कुडता घालून जा. मी डोक्यातून घालायचा घातला होता, काढता काढता दोन वायरी निघाल्या आणि सगळं पुन्हा चिकटवावं लागलं."